सदाकोच्या वर्गाचं हिरोशिमा: चार दिवस

हिरोशिमाला जाणारा मराठी माणूस तिथं फार तर अर्धा दिवस काढतो. सकाळी ओसाकाहून बुलेट ट्रेन, अणुबॉम्बमधून उरलेल्या इमारतीच्या घुमटासमोर फोटो, संग्रहालयात घाईघाईनं एक फेरी आणि दुपारी मियाजिमा बेटाची बोट. वाटेत सदाकोचा पुतळा लागतो, त्याच्या वाट्याला पाच मिनिटं येतात. कागदाचे हजार क्रौंच दुमडले की इच्छा पुरी होते अशी जपानी समजूत आहे. सोबतचा कुणीतरी सदाकोच्या हजार क्रौंचांची गोष्ट सांगतो आणि ती बहुधा चुकीची सांगतो. तो पुतळा कुणा मंत्र्याच्या किंवा शांतता संस्थेच्या डोक्यातून निघालेला नाही. तो वर्गातली एक मुलगी गेली म्हणून तिच्या वर्गमित्रांनी मागणी लावून, पत्रकं वाटून, वर्गणी गोळा करून उभा केलेला आहे. पुढचा चार दिवसांचा कार्यक्रम त्या वर्गाच्या मागानं आखला आहे.

आधी माहिती, म्हणजे तिथं गेल्यावर पाट्या वाचत बसावं लागत नाही. सदाको सासाकीचा जन्म 7 जानेवारी 1943 चा. 6 ऑगस्ट 1945 ला सकाळी 8 वाजून 15 मिनिटांनी बॉम्ब पडला तेव्हा ती अडीच वर्षांची होती आणि स्फोटकेंद्रापासून साधारण 1.6 किलोमीटरवर घरातच होती. अंगावर ओरखडा नाही, भाजलं नाही. पळताना मात्र काळा पाऊस, म्हणजे स्फोटानंतरचा किरणोत्सर्गी काजळीचा पाऊस, अंगावर आला. पुढं ती धडधाकट वाढली. नोबोरीचो प्राथमिक शाळेत सहावीच्या ‘बांबू’ वर्गात होती आणि रिले शर्यतीत वर्गाची भिस्त तिच्यावर होती. 1954 च्या शरद ऋतूत मानेवर गाठी आल्या. फेब्रुवारी 1955 मध्ये ल्युकेमियाचं निदान झालं आणि ती रेडक्रॉस रुग्णालयात दाखल झाली. तिचं नाव माध्यमिक शाळेत घातलं गेलं, पण त्या वर्गात ती एक दिवसही बसली नाही. 25 ऑक्टोबर 1955 ला, बाराव्या वर्षी, ती गेली.

दहा वर्षांनी आजार कसा आला, हे तिथं प्रत्येक जण विचारतो. किरणोत्सर्गानं हाडांच्या मगजातल्या रक्त तयार करणाऱ्या पेशी बिघडतात, पण त्याचा कर्करोग व्हायला वर्षं लागतात. बॉम्बमधून वाचलेल्यांत ल्युकेमियाचं प्रमाण स्फोटानंतर दोनेक वर्षांनी वाढू लागलं, सहा ते आठ वर्षांनी कळसाला पोचलं, आणि बॉम्बच्या वेळी वय जितकं लहान तितका धोका जास्त होता.

निघण्याआधी: हजार क्रौंच

क्रौंच न्यायचे असतील तर निदान दोन महिने आधी बसा. हजाराच्या जुडग्याला जपानीत सेन्बाझुरु म्हणतात. रूढ हिशेब 25 माळांचा, एका माळेत 40. एकच माळ नेली तरी चालते, तिथं कुणी मोजत नाही. पण हजार करायचेच असतील तर वेळेचा हिशेब आधी मांडा. सरावलेल्या हाताला एका क्रौंचाला दोन-अडीच मिनिटं लागतात, म्हणजे हजाराला चाळीसेक तास. एकट्यानं करायचं हे काम नव्हे. दहा जणांनी शंभर-शंभर वाटून घेतले तर प्रत्येकाच्या वाट्याला चार तास येतात, आणि नवशिके असतील तर त्याच्या दुप्पट धरा.

कागद 7.5 सेंटिमीटर चौरसाचा घ्या. ओरिगामीचा तयार कागद पातळ असतो, साधारण 60 ग्रॅमचा. त्या मापाचे हजार क्रौंच साडेतीनशे ग्रॅमच्या आत बसतात. 15 सेंटिमीटरचा कागद शिकायला सोपा, पण हजारांचं वजन चौपट, सव्वा किलोच्या वर जातं आणि जुडगा एका पिशवीत मावत नाही. झेरॉक्सचा 80 ग्रॅमचा कागद लहान मापात कापू नका. चोचीपाशी इतके थर एकावर एक येतात की घडी फुटते. चकचकीत फॉइलचा कागदही टाळा, कारण वाहिलेले क्रौंच पुढं लगद्यासाठी जातात आणि धातूचा मुलामा लगद्यात विरघळत नाही.

अनिल अवचटांमुळे ओरिगामी पुष्कळ मराठी घरांत पोचली, तरी क्रौंच करताना अडखळायच्या जागा त्याच आहेत. रंगीत बाजू वर ठेवून दोन्ही कर्णांवर घड्या घाला, मग कागद पालथा करून दोन्ही मधल्या रेषांवर घाला. हे चारही टोकांना टोक अचूक लावून करायचं, कारण इथला अर्ध्या मिलिमीटरचा फरक शेवटी वाकड्या मानेत दिसतो. कागद मिटून चौकोनी पाया झाला की त्याचं उघडं तोंड आपल्याकडे करा. वरच्या थराच्या दोन्ही कडा मधल्या रेषेला आणा, वरचा त्रिकोण त्यांच्यावर दुमडा, आणि तिन्ही घड्या नखानं कडक करून पुन्हा उघडा. आता खालचं टोक वर उचललं की बाजू आपोआप आत येतात. पाकळी उघडत नाही, कागद चुरगळतो, अशी तक्रार येते तेव्हा दहापैकी नऊ वेळा तो वरचा त्रिकोण नीट दाबलेला नसतो. हेच मागच्या बाजूला करा. मग खालचे दोन पाय चारही बाजूंनी मधल्या रेषेकडे दुमडून बारीक करायचे. या घडीत कड रेषेला चिकटवू नका, केसभर जागा सोडा. नाहीतर मान आणि शेपूट उलट्या घडीनं वर घेताना थर एकमेकांत अडकतात. शेवटी एका टोकाला चोच.

माळ ओवताना पंख पसरायचे नाहीत. पसरले की क्रौंच दिसतो छान, पण चाळीसची माळ दीड हात होते आणि प्रवासात मोडते. पंख वर मिटलेलेच ठेवा. सुई पोटाखालच्या छिद्रातून घालून पाठीच्या उंचवट्यातून काढा. साधा सुती दोरा दुहेरी, सव्वा मीटर. तळाला जाड पुठ्ठ्याची चकती किंवा लाकडी मणी बांधा, नुसती गाठ ठेवली तर पहिला क्रौंच फाटतो आणि मग अख्खी माळ ओघळते. पंचवीस दोरे वर एका बांबूच्या किंवा पुठ्ठ्याच्या कड्याला बांधा आणि त्याला हात जाईल एवढा मजबूत फास ठेवा, कारण तिथं ते अडकवायचे असतात. तार वापरू नका. नावाची पट्टी कागदाचीच करा, प्लास्टिकच्या कोषात घालू नका. माळा आडव्या खोक्यात, एकीचं तोंड डावीकडे तर दुसरीचं उजवीकडे, अशा ठेवून खोकं हातातल्या सामानातच न्या. मुंबईच्या पावसाळ्यात केलेले क्रौंच दमट राहून मान टाकतात. सप्टेंबरअखेर ओवलेले बरे.

तारखेबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. 6 ऑगस्टला जाऊ नका. त्या दिवशी शहर साऱ्या जगाचं असतं, उन्हाचा कडाका असतो, हॉटेलं महिनोन्महिने आधी भरलेली असतात आणि पुतळ्यापाशी उभं राहायला जागा मिळत नाही. 5 मे हा अनावरणाचा दिवस, पण तेव्हा जपानी सुट्ट्यांचा आठवडा आणि शहराचा पुष्पोत्सव एकदम येतात. 25 ऑक्टोबरच्या आसपास जावं. हवा पुण्याच्या डिसेंबरसारखी, पाऊस कमी, आणि जपानी शाळांच्या सहलींचा हंगाम. त्या सहली इथं अडचण नव्हे, पाहण्याजोगी गोष्ट आहे.

पहिला दिवस: ओसाका ते हिरोशिमा

कान्साई विमानतळावर उतरलं तर विमानतळावरच्या गाडीनं पाऊण-एक तासात शिन-ओसाका, तिथून नोझोमी या बुलेट ट्रेननं (शिनकान्सेननं) सुमारे दीड तासात हिरोशिमा. तोक्योहून नोझोमीला चार तासांच्या आसपास लागतात. सकाळी पोचलेलं विमान असेल तर दुपारी तीनपर्यंत हॉटेलात सामान टाकून होतं.

ऑगस्ट 2025 पासून ट्राम थेट हिरोशिमा स्टेशनच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर येते. त्याआधीच्या माहितीपुस्तकांत स्टेशनबाहेरचा थांबा दाखवलेला असतो, तो शोधत बसू नका. 2 किंवा 6 नंबरची ट्राम घ्या आणि ‘गेनबाकु दोमु-माए’ला, म्हणजे घुमटासमोरच्या थांब्यावर, उतरा, वीसेक मिनिटं. शहरात भाडं एकच, कुठंही उतरा. ते उतरताना चालकाशेजारच्या पेटीत टाकायचं. हजार येनच्या नोटेचे सुटे त्याच यंत्रात मिळतात, मोठी नोट चालत नाही. रस्त्यावर मधूनच एखादी जुनाट, बुटकी ट्राम दिसली तर नंबर बघा. 651 आणि 652 या बॉम्बमधून वाचलेल्या गाड्या आहेत. स्फोटानंतर तिसऱ्याच दिवशी, 9 ऑगस्टला, या शहरानं ट्रामचा एक तुकडा चालू केला होता.

पहिल्या संध्याकाळी घुमट, नदी आणि पुतळ्याची एक ओळखभेट एवढंच करा. घुमटाच्या जवळ मोतोयासु नदीकाठी गांधीजींचा 42 इंची ब्राँझचा अर्धपुतळा आहे. मे 2023 मध्ये भारताकडून तो हिरोशिमाला दिला गेला. घडवणारे राम सुतार, आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे. मराठी माणसं त्याच्या समोरून घुमटाकडे तोंड करून निघून जातात.

घुमटाच्या दक्षिणेला काठावरच एक उंच, मजल्यामजल्यांचा मनोरा आहे. तो युद्धकाळात कामाला जुंपलेल्या विद्यार्थ्यांचा. त्या सकाळी शाळकरी मुलं वर्गात नव्हती. आगीचा लोळ पसरू नये म्हणून शहरात घरं पाडून मोकळे पट्टे करायचं काम चालू होतं आणि त्यावर बारा-तेरा वर्षांची मुलंमुली लावलेली होती, उघड्यावर, छपराविना. त्यांतली सुमारे 6 हजार मेली. म्हणजे वर्गच्या वर्ग. सदाकोच्या वर्गमित्रांनी आपल्या मैत्रिणीसाठी काढलेलं काम शहरानं लगेच उचलून का धरलं, ते या मनोऱ्यापाशी समजतं. या शहरात ज्याचा वर्गमित्र गेला नाही असं प्रौढ माणूस तेव्हा शोधावं लागलं असतं.

शाकाहारी मंडळींसाठी एवढंच: हिरोशिमाचं ओकोनोमियाकी, म्हणजे थराथरांचं जाड धिरडं, तव्यावर समोर थर लावून करतात, त्यामुळे ‘निकु-नुकी’ म्हटलं की मांस वगळून मिळतं. वरून भुरभुरतात तो माशाचा कीस वेगळा नको सांगावा लागतो आणि सॉसमध्ये काय आहे याची हमी कुणी देत नाही. कडक पाळणाऱ्यांनी थेपले, मेतकूट आणि भाताचं पाकीट सोबत ठेवलेलं बरं.

दुसरा दिवस: संग्रहालय आणि पुतळा

संग्रहालयाचं तिकीट मोठ्यांना 200 येन, माध्यमिक शाळेपर्यंतच्या मुलांना फुकट. स्वस्ताईमुळे आणि अलीकडच्या गर्दीमुळे (वर्षाला 20 लाखांच्या वर माणसं) दहानंतर आत मुंगीच्या पावलानं सरकावं लागतं आणि वस्तूंपुढे माणसांच्या पाठी दिसतात. यावर उपाय एकच: सकाळी 7.30 ते 8.30 ची वेळ ऑनलाइन आरक्षित करणं. ती वेळ केवळ आगाऊ आरक्षणवाल्यांसाठी असते. तेवढ्यात मुख्य इमारत शांतपणे होते. लहान मुलं सोबत असतील तर आधी ठरवा. मुख्य इमारतीत शाळकरी मुलांचे जळके कपडे, डबे आणि शेवटचे फोटो आहेत, आणि 2019 च्या फेररचनेनंतर तिथं मोठी स्पष्टीकरणं कमी आणि माणसांच्या वस्तू जास्त आहेत. दहा वर्षांखालच्या पोराला तिथं फिरवू नये असं आम्हाला वाटतं.

सदाकोचे क्रौंच इथं पाहायला मिळतात. फोटोंमधून त्यांचं माप समजत नाही. काही तर नखाएवढे आहेत, औषधाच्या पुड्यांच्या कागदाचे, आणि तरी चोच आहे, मान सरळ आहे. ज्यानं 7.5 सेंटिमीटरचे शंभर केलेत त्याला त्या काचेपुढे वेगळंच दिसतं. कागद कुठं थरांनी जाड झाला असेल, कुठं नख लावावं लागलं असेल, हे हाताला ठाऊक असतं. रक्ततपासणीतले आकडेही ती गुपचूप टिपून ठेवत असे. आजाराचं नाव तिला कुणी सांगितलं नव्हतं.

क्रौंचांची कल्पना तिची नव्हती. ऑगस्ट 1955 मध्ये नागोयाच्या हायस्कूलच्या विद्यार्थिनींनी रुग्णांसाठी कागदी क्रौंचांच्या माळा पाठवल्या, त्या वॉर्डात आल्या आणि ती करू लागली. आणि ते 644 वर थांबले, उरलेले वर्गमित्रांनी पुरे केले, ही जगभर सांगितली जाणारी गोष्ट 1977 च्या एका इंग्रजी बालकादंबरीतून पसरली. तिनं हजार पुरे केले आणि पुढंही करत राहिली, असं तिचे भाऊ मासाहिरो आणि संग्रहालय सांगतात. कादंबरीतली आवृत्ती जास्त हळवी आहे, पण तिनं एक नुकसान केलं: वर्गमित्रांचं काम उरलेले साडेतीनशे कागद दुमडण्याएवढं करून टाकलं. त्यांनी केलं ते याहून फार अवघड होतं.

ते असं. सदाको दाखल झाल्यावर मुलं पाळीपाळीनं भेटायला जात. मग माध्यमिक शाळा सुरू झाली, नवे मित्र, नवे तास, आणि भेटी विरळ झाल्या. ती गेल्यावर ही खंत वर्गभर पसरली. काहीतरी करू या असं ठरलं, पण काय ते कुणाला उमगेना. इचिरो कावामोतो नावाच्या, बॉम्बनंतरच्या मुलांसाठी धडपडणाऱ्या गृहस्थांनी सुचवलं की तिच्या एकटीसाठी नको, बॉम्बनं मारलेल्या साऱ्या मुलांसाठी पुतळा मागा. नोव्हेंबर 1955 मध्ये देशभरातल्या माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांची परिषद नेमकी हिरोशिमात भरत होती. मुलांनी हातानं छापलेली सुमारे 2,000 पत्रकं तिथं वाटली. बारा-तेरा वर्षांच्या पोरांनी धरलेला हा मोका आजही कुठल्याही मोहिमेला शिकवण्यासारखा आहे: जिथं एकाच दिवशी प्रत्येक शाळेचा माणूस हजर आहे, तिथंच जा. ती पत्रकं घेऊन मुख्याध्यापक आपापल्या गावी गेले आणि शाळाशाळांतून पैसे येऊ लागले. जानेवारी 1956 मध्ये शहरभरच्या विद्यार्थ्यांची संघटना उभी राहिली. शेवटी जपानमधल्या 3,100 हून अधिक शाळांनी आणि 9 परदेशांनी हातभार लावला. सदाको गेल्याला अडीच वर्षं झाली तेव्हा, 5 मे 1958 ला, बालदिनी, पुतळ्याचं अनावरण झालं.

हे डोक्यात ठेवून मग पुतळ्याकडे या. उंची 9 मीटर, शिल्पकार काझुओ किकुची. तीन पायांवरचा घुमटासारखा चबुतरा, टोकावर ब्राँझची मुलगी, तिच्या उंचावलेल्या हातांत सोनेरी क्रौंचाची आकृती. बाजूंना एक मुलगा आणि एक मुलगी. पोटाखाली पोकळीत घंटा लोंबते, तिच्या दोरीला सोनेरी क्रौंच आहे. घंटा भौतिकीचे नोबेल विजेते हिदेकी युकावा यांनी दिली. सध्या टांगलेली घंटा 2003 मधली प्रतिकृती आहे. दोरी ओढून ती वाजवायला हरकत नाही, सगळे वाजवतात. खाली दगडावर कोरलंय: ही आमची हाक आहे, ही आमची प्रार्थना आहे, जगात शांतता उभारण्यासाठी.

साडेनऊपासून शाळा येऊ लागतात. दिवसभरात कितीतरी. एकेका शाळेचं साधारण दहा मिनिटांत आटोपतं: मुलं ओळीनं उभी राहतात, दोघंतिघं माळा घेऊन पुढं येतात, वाकतात, एक जण कागदावरून वाचतो, मिनिटभर शांतता, मग सगळे मिळून गातात आणि निघतात. तोवर मागची शाळा बाकांपाशी थांबलेली असते, शिक्षक घड्याळाकडे बघत. अशा वेळी मध्ये घुसून आपले क्रौंच लावू नका. बाजूला उभं राहा, मुलांच्या चेहऱ्यांचे फोटो घेऊ नका, आणि शाळा निघाली की मधल्या दोन-तीन मिनिटांत पुढं व्हा.

माळा पुतळ्यावर टाकायच्या नसतात. मागच्या अर्धवर्तुळात काचेचे, छत असलेले कप्पे आहेत, त्यांत आपल्या हातानं अडकवायच्या. इथंच तो मजबूत फास उपयोगी पडतो. बारीक दोऱ्याचा फास असला की जुडगा घसरून तळाशी ढिगात जातो. वर्षाला सुमारे 1 कोटी क्रौंच, दहा टन कागद, इथं येतो, त्यामुळे आपला जुडगा तिथं कायम राहणार नाही हे धरूनच चला. काही काळानं कप्पे रिकामे होतात, कागद पुनर्वापराला जातो आणि त्यातून पोस्टकार्डं, वह्या असे जिन्नस होतात. कुठून आले, कुणी केले हे नोंदवायची सोय शहरानं केली आहे. ज्यांना प्रत्यक्ष जाणं जमत नाही त्यांनी टपालानं पाठवलेले क्रौंचही शहराची माणसं इथं आणून लावतात. ऑगस्ट 2003 मध्ये एका विद्यार्थ्यानं इथले जवळजवळ 1,40,000 क्रौंच जाळले होते. कागदाच्या स्मारकाची राखण किती नाजूक असते ते तेव्हा साऱ्यांना कळलं.

दुपारी, पुतळा आणि संग्रहालय ज्यात आहेत त्या शांतता उद्यानाच्या दक्षिणेला शांतता बुलेवार ओलांडून पलीकडे, हेइवा पुलाच्या पश्चिम टोकाशी या. नकाशात पटकन सापडत नाही आणि सहलींच्या बसही इथं थांबत नाहीत. नगरपालिकेच्या मुलींच्या हायस्कूलचं हे स्मारक. शिक्षक धरून या शाळेचे 676 जण गेले, शहरातल्या कुठल्याही एका शाळेपेक्षा जास्त. दगडात तीन मुली कोरल्या आहेत. मधलीच्या हातात पेटी आहे आणि पेटीवर E=mc² हे सूत्र. स्मारक 1948 चं, म्हणजे अमेरिकी ताब्याच्या काळातलं. ‘अणुबॉम्ब’ हा शब्द दगडावर लिहायची सोय नव्हती, म्हणून आइन्स्टाइनचं समीकरण. सेन्सॉरला चुकवायची याहून नेमकी तऱ्हा आम्ही कुठं पाहिली नाही. शेजारच्या दोघी तिच्या मैत्रिणी आहेत. दहा वर्षांनंतरच्या त्या प्रसिद्ध पुतळ्याआधी, वर्गातल्या मुलींसाठी उभा राहिलेला हा दगड पाहिल्याशिवाय परत फिरू नका.

तिसरा दिवस: 7 नंबरची ट्राम

सदाकोचं सगळं आयुष्य एका ट्रामच्या मार्गालगत मावतं. 7 नंबर योकोगावाहून निघते, घुमटापाशी थांबते आणि पुढं रेडक्रॉस रुग्णालयावरून जाते.

सकाळी योकोगावाला जा आणि तिथून पूर्वेला दहाएक मिनिटं चालत मिसासा पुलापर्यंत या. तिचं घर या बाजूला, कुसुनोकी-चोमध्ये होतं. आई मुलांना आणि आजीला घेऊन नदीकडे पळाली. आजी काहीतरी आणायला मागं फिरली ती परत आली नाही. पाण्यात नावेत असताना काळा पाऊस पडला. आज तिथं नदी, पूल आणि काठावरून सायकली हाकणारी मुलं एवढंच आहे, आणि अर्धा तास पुरतो. पण पुलावर उभं राहून दक्षिणेला स्फोटकेंद्राची दिशा पाहिली की 1.6 किलोमीटर म्हणजे किती हे अंगाला समजतं. ठाणे स्टेशनपासून तलावपाळी ओलांडून थोडं पुढं, एवढंच.

परत 7 नंबर धरून ‘निस्सेकी-ब्योइन-माए’ला उतरा. रुग्णालय चालू आहे, गर्दीचं आहे, वॉर्ड शोधत आत जाऊ नका. बाहेरच्या बाजूला जुन्या इमारतीच्या भिंतीचा तुकडा जपून ठेवलाय. त्याच्या लोखंडी खिडक्यांच्या चौकटी स्फोटाच्या दाबानं आत वाकलेल्या आहेत. दीड किलोमीटरवरचा लोखंडी गज वाकवणारा दाब काय असतो ते पुस्तकापेक्षा इथं स्वच्छ दिसतं. सदाको इथं आठ महिने होती.

दुपारी नोबोरीचो. प्राथमिक आणि माध्यमिक, दोन्ही शाळा आजही भरतात. फाटकातून मुलांचे फोटो काढणाऱ्या परक्या माणसाला जपानमध्ये लगेच हटकतात आणि ते योग्यच आहे. परवानगीशिवाय आत जायचं नाही. त्याऐवजी त्याच मोहल्ल्यातलं जागतिक शांतता कॅथेड्रल पाहा. वास्तुकार तोगो मुरानोंचं बांधकाम, 1954 मध्ये पुरं झालेलं, म्हणजे सदाकोचा वर्ग रिलेचा सराव करत होता त्याच वर्षी. बॉम्बनंतरच्या शहरानं स्वतःला कसं उभारलं याचा तो एक नमुना.

संध्याकाळ मोकळी ठेवा. मियाजिमा करायचंच असेल तर चौथ्या दिवसात कोंबण्यापेक्षा पाचवा दिवस काढा.

चौथा दिवस: दोन शाळा आणि परत

शेवटच्या सकाळी दोन शाळा, दोन्ही चालत होतात आणि दोन्हीकडे प्रवेश फुकट. फुकुरोमाची प्राथमिक शाळा स्फोटकेंद्रापासून 460 मीटरवर होती. स्फोटानंतर तिथं मदत केंद्र उघडलं, आणि काजळीनं काळ्या झालेल्या भिंतींवर लोकांनी पांढऱ्या खडूनं निरोप लिहिले: अमक्या वर्गातली अमकी इथं होती, तमक्या गावी नेली आहे, पाहिली असेल तर कळवा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांची नावं लिहिली. नंतर भिंती गिलाव्याखाली गेल्या आणि 1999 मध्ये इमारत पाडायच्या वेळी अक्षरं पुन्हा सापडली. वाचताना कळतं की काजळी हाच फळा झाला होता. जिथं खडू लागला तिथं खालची काजळी टिकली, बाकीची नंतर निघून गेली आणि अक्षरं काळ्या-पांढऱ्यात उलटी उमटली.

दुसरी होन्कावा, उद्यानाच्या पश्चिमेला पूल ओलांडला की लगेच. स्फोटकेंद्राला सर्वांत जवळची शाळा, सुमारे 400 मुलं आणि दहाएक शिक्षक तिथं गेले. तळघरासह इमारतीचा एक भाग जपलेला आहे आणि तो चालू शाळेच्या आवारात आहे. म्हणून सुट्टीच्या दिवशी बंद असू शकतो, फाटकापाशी नोंद करूनच आत जायचं, आणि मधल्या सुट्टीत मैदान ओलांडू नये. आदल्या दिवशी वेळ विचारून ठेवा. उद्यानातल्या रेस्ट हाउसमध्ये पर्यटक माहिती केंद्र आहे, तिथले लोक फोन करून सांगतात.

स्टेशनकडे निघताना 2 किंवा 6 धरा. संध्याकाळच्या विमानासाठी दुपारी एकच्या आतली नोझोमी हवी, कारण शिन-ओसाकाला गाडी बदलून कान्साईला जाण्यात, रांगा धरून, दीड तास सहज जातो. क्रौंचांचं रिकामं खोकं तिथंच टाकू नका. जपानमध्ये रस्त्यावर कचरापेट्या जवळजवळ नाहीत आणि पुठ्ठा वेगळा द्यावा लागतो. हॉटेलच्या काउंटरवर दिलं की ते पाहून घेतात.